चालत दिलेली गाडी

देवळी, १८ नोव्हेंबर

आणि किकचा दांडा उलटा आला. थेट नडगीवर. मी एका पायावर उभा, आणि प्रेमदास हात पुसत म्हणतो, "पाह्यलं ना सर? करंट कसा जबरदस्त आला!"

करंट आला, हे खरं आहे. चुकीच्या क्षणी आला. इंजिन पुढे फिरायच्या ऐवजी मागे उसळलं आणि त्याचा सगळा जोर माझ्या हाडावर निघाला. आईने हळद गरम करून लावली. लावताना एक शब्द बोलली नाही. तुला माहीत आहे, ती बोलत नाही तेव्हा काय असतं.

मोहिनी, आपण फोनवर बोलायचं नाही असं पंचांच्या बैठकीत ठरलं, कारण प्रत्येक फोनचं भांडण होत होतं. पत्राला कुणी मनाई केली नाही. पत्र कुणाच्या डोक्यातच आलं नाही. म्हणून लिहितो आहे. हे पत्र फक्त गाडीबद्दल आहे.

तुझ्या वडिलांची अट इथे उतरवतो. ऐकताना ती विचित्र वाटली होती, लिहिल्यावर बरी दिसेल असं वाटलं. "गाडी मी माझ्या वापरातली दिली. चालत दिली, चालत परत पायजे. टेम्पोत टाकून नाई. जावयानं सोता चालवत आनावी. अन् इंजिनातला एक बी पार्ट बदललेला मले चालनार नाई." लिहूनही बरी दिसत नाही.

लग्नातलं कपाट परत पोचलं. भांडी पोचली. शिलाई मशीन पोचलं, त्याचं पायडल सैल झालं होतं ते मी आवळून पाठवलं. राहिली गाडी. ती पोचली की बैठक पुन्हा बसेल, कागदावर दोघांच्या सह्या होतील, मग वकील. तू तिकडे थांबली आहेस, मी इकडे, आणि आपली सोडचिठ्ठी इंजिनाच्या डाव्या बाजूला एका कव्हराखाली अडकली आहे.

काय बिघडलं ते सांगतो, म्हणजे मी मुद्दाम उशीर करतो आहे असं तिकडे कुणी म्हणायला नको. थंड असते तेव्हा गाडी पहिल्या किकेला सुरू होते. दहा-बारा किलोमीटर चालली, तापली, की मरते. सावलीत उभी केली की काही वेळाने पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही. आधी प्लग बदलला. प्लग हा पार्ट धरायचा की नाही, यावर मी एक रात्र विचार केला, याचा मला राग येतो. मग कार्बोरेटर साफ केला. मग पेट्रोल टाकी धुतली. शेवटी मॅग्नेटची कॉइल निघाली. मॅग्नेट फिरतो, त्याच्या आत प्लेटवर कॉइली बसवलेल्या असतात, त्यातली एक प्लगची ठिणगी पुरवते. तिची तार आतून कच्ची झाली आहे. तापली की तुटते, गार झाली की जुळते.

वर्ध्याला नवी प्लेट मिळते, कॉइलींसकट. दुकानदाराने डबा काढून समोर ठेवला. अर्ध्या तासाचं काम. मी डब्याकडे पाहिलं आणि परत दिला. तो म्हणाला, "सर, जुनी भरायले गेले तं तुमी म्हातारे होऊन जासान." त्याला मी काय सांगणार, की माझे सासरे कव्हर उघडून बघतील?

तेव्हा कॉइल भरून घेणं आलं, म्हणजे जुनी तार काढून नवी गुंडाळणं. भरणारा एकच आहे, स्टँडमागचा प्रेमदास. तो पंखे, कूलर, शेतातले पंप भरतो. त्याच्या हाताला पंपाच्या जाड तारेची सवय आहे. ही तार केसासारखी. पहिल्यांदा भरताना ती त्याच्या हातात तुटली, दुसऱ्यांदा तुटली, तिसऱ्यांदा त्याने वेढे मोजायचे सोडून दिले आणि "अंदाजानं" भरली. नडगीवर बसला तो हा अंदाज.

तुझ्या वडिलांना, प्रभाकररावांना सांग, उशीर मी करत नाही, गाडी करते आहे.

धनंजय


देवळी, २५ नोव्हेंबर

तुझं उत्तर मिळालं. एक ओळ. "प्लेट काढायच्या आधी खूण केली होती का?"

नव्हती केली.

मला वाटलं होतं, निदान 'लागलं का' असं विचारशील. पण तुझा प्रश्न बरोबर होता, त्यामुळे मला जास्त चीड आली. प्लेट तिच्या खाचांत थोडी मागेपुढे सरकते. काढण्याआधी प्लेटवर आणि इंजिनावर मिळून एक रेघ ओढून ठेवायची, म्हणजे परत त्याच जागी बसते. रेघ नसेल तर ठिणगी लवकर पडते आणि दांडा उलटा येतो. हे तुला ठाऊक आहे, कारण तू याच गाडीवर शिकलीस आणि वडिलांच्या शेजारी बसून ती खोलताना पाहिलीस. मला कोण सांगणार? मी अकरावीला मराठी शिकवतो.

प्रेमदासला विचारलं, खूण का केली नाहीस?

"खून डोक्यात हाये सर."

"कुणाच्या?"

"माह्या."

"मग दांडा माझ्या पायावर का बसला?"

"तुमी किक लय हलकी मारता सर. गाडीले वाटते, हा माणूस खरंच म्हणून राह्यला का मस्करी करून राह्यला."

मी त्याच्यावर ओरडलो. त्याने चहा मागवला. मग आम्ही प्लेट इकडे सरकव, तिकडे सरकव करत बसलो. संध्याकाळपर्यंत इंजिन बरं बोलायला लागलं. मी स्वतः स्क्रूड्रायव्हरने प्लेटवर रेघ ओढली. खोल ओढली.

काल रविवारी निघालो. अल्लीपूरच्या अलीकडे गाडी मेली.

रस्त्याच्या कडेला कापूस वेचणं चालू होतं. बाया कमरेला ओटी बांधून कापसाच्या ओळींत उभ्या. मी गाडी सावलीला लावली, कव्हरवर बाटलीतलं पाणी टाकलं. एक म्हातारी ओरडली, "जावईबापू, गाडी बसली का?"

मी जावई आहे हे तिला कसं कळलं, असं विचारलं.

"इस्तरीचा शर्ट घालून ऐन दुपारी पाणी कोन टाकते गाडीवर? सासरी जाऊन राह्यले ना?"

"हो."

"बायकोले आनाले?"

मी कव्हरवर आणखी पाणी टाकलं. दुसरी म्हणाली, "लाजून राह्यला व थो." सगळ्या हसल्या. म्हातारी म्हणाली, "लाजू नका. आना बाप्पा. थंडीचे दिवस हायेत." आणखी हसल्या.

मी काय सांगायला हवं होतं? की नाही आजी, गाडी परत करायला चाललो आहे, ती गाडी पोचली की आमचं संपेल, म्हणून ती दुरुस्त करतो आहे? वेचणी थांबवून सगळ्या बांधावर येऊन बसल्या असत्या. मी हो म्हटलं. हो, आणायला.

गाडी गार झाली, पण सुरू झाली नाही. कापसाच्या ट्रॅक्टरमागे दोर बांधून देवळीला आलो. बाजाराचा दिवस नव्हता, तरी चौकात सगळं गाव होतं. आई दारात उभी होती. मी दोर सोडला तेव्हा ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली.

"सुनेले आनाले गेला असता तं ढकलत बी पोचला असता तू."

हे पत्र फक्त गाडीबद्दल असायला हवं होतं. पण आता आईने विषय काढला आहे, तर मी लिहितो.

तू तुझ्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी वडनेरला गेलीस. पंधरवड्याने येते म्हणालीस. पंधरवडा झाला, महिना झाला. मी वाट पाहिली. तू वाट पाहिलीस, हे मला बैठकीत कळलं, पंचांकडून. "न्यायले कोनी आलंच नाई," असं तुझे काका म्हणाले आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पण लग्नात, वरात निघताना, तुझी मावशी पाठराखणीला येते म्हणाली तेव्हा तूच सगळ्यांसमोर म्हणालीस, मला कुणी पोचवायला नको, कुणी न्यायला नको, मी गाडी चालवते. मला ते आवडलं होतं. मी ते मनापासून खरं मानलं. तुला न्यायला येणं म्हणजे तुझा अपमान, असं मी समजत होतो. आणि गाडी माझ्याकडे होती, तू बसने गेली होतीस, याचा मी विचार केला नाही.

कॉइल का मेली ते लिहायचं राहिलं. वेढे भरल्यावर त्यावर वार्निश देतात. ते भट्टीत तापवून पक्कं करावं लागतं. प्रेमदासने उन्हात वाळवलं. नोव्हेंबरच्या उन्हात. म्हणतो, "पंपाचं वाळते सर." पंप विहिरीवर गार असतो. इंजिन तापलं, वार्निश मऊ पडलं, वेढे एकमेकांना चिकटून जळले. कव्हर उघडल्यावर वास आला. आता पुन्हा पहिल्यापासून.

धनंजय


देवळी, ४ डिसेंबर

दुसरी ओळ मिळाली. "ते मी लग्नात म्हटलं होतं. आईच्या डोळ्याला पट्टी असताना नाही."

बरं.

म्हणजे एकदा उच्चारलेलं वाक्य कधीपर्यंत चालतं, हे ज्याचं त्याने ओळखायचं. मी वर्गात मुलांना सांगतो की अर्थ संदर्भाने ठरतो. फळ्यावर लिहून सांगतो. तू हे वाचून हसशील. हस. पण एक फोन करून 'या' म्हणायला तुला काय झालं होतं? दोन अक्षरंसुद्धा नाहीत, एक आहे. 'या.' मी त्याच दिवशी आलो असतो. गाडी तेव्हा धडधाकट होती, हे आणखी चीड आणणारं आहे. तेव्हा ती वडनेरपर्यंत काय, चंद्रपूरपर्यंत गेली असती.

प्रेमदासच्या दुकानात आता मी रोज कॉलेज सुटल्यावर जातो. तो मला कामाला लावतो आणि वर टोमणे मारतो. या वेळी कॉइल मी भरली. त्याच्या मशीनला हातानं फिरवायचा दांडा आहे आणि वेढे मोजायचं एक चाक, ते अडकतं. मी मोठ्याने मोजत होतो. मध्ये गिऱ्हाईक यायचं, "भाऊ, कूलर झाला का?" आणि आकडा जायचा. मग तार उलगडायची आणि पुन्हा. एका बाईने विचारलं, "हे सर काऊन पंखे भरून राह्यले? नोकरी गेली का?" प्रेमदास म्हणाला, "नाई, बायको गेली."

मी उठून निघालो. तो रस्त्यापर्यंत मागे आला. "मस्करी केली सर. चाला. तार अर्धी सोडू नका, ढिली पडते." मी परत गेलो, कारण तार खरंच ढिली पडते. बसल्यावर त्याने मोजायच्या चाकाला तेलाचा थेंब दिला. मग म्हणाला, "सर, एक विचारू? गाडी नाई सुधरली तं काय होईन?"

"बैठक पुढे ढकलली जाईल."

"अन् सुधरली तं?"

"सही."

"मंग तुमी येवढ्या घाईनं काऊन भरून राह्यले?"

मी आकडा विसरलो आणि पुन्हा पहिल्यापासून भरायला घेतली. ते त्याच्या लक्षात आलं असावं. त्याने चहा मागवला.

वार्निशसाठी भट्टी हवी होती. बेकरीवाल्याला विचारलं. टोस्ट काढल्यावर भट्टी मंद होते, तेव्हा कॉइल पत्र्याच्या डब्यात घालून आत ठेवू दिली. तो म्हणाला, "कच्ची निघाली तं मले बोल लावू नका, हे बिस्किट नोहे." कच्ची निघाली नाही. बडीशेपेचा वास येतो तिला, बाकी कडक आहे. लोखंडावर बसवली, झाळ दिली, प्लेट रेघेवर रेघ धरून लावली. दांडा उलटा आला नाही. पहिल्या किकेला सुरू.

मी ती तापवली. देवळी ते भिडी, भिडी ते देवळी. भरउन्हात. कव्हरला हात लागत नव्हता. मुद्दाम बंद करून लगेच किक मारली. सुरू. पुन्हा भिडी. पुन्हा सुरू. दर फेरीला वाटत होतं, आता मरेल. प्रेमदास दुकानासमोर उभा राहून बघत होता. शेवटी त्याने हात जोडले. "सर, बस करा. थे आता मरत नाई."

मरत नाही, मोहिनी. आता काही कारण उरलेलं नाही.

तुझ्या मेडिकलचे मालक भेटले. ताई कधी येणार, काउंटरवरचा नवा मुलगा बीपीच्या गोळ्या शोधायला सगळे खण उपसतो, म्हणाले. मी म्हटलं, सांगतो.

शनिवारी येतो. वडिलांना सांग.

धनंजय


वडनेर, ७ डिसेंबर

तू भिंतीच्या पलीकडे आहेस. भांड्यांचा आवाज येतो आहे. आणि मी बाहेरच्या खोलीत बसून तुला पत्र लिहितो आहे, कारण बैठक बसेपर्यंत बोलायचं नाही असं पाच शहाण्या माणसांनी ठरवलं आणि आपण दोघांनी मान डोलावली. याहून मूर्ख प्रकार मी पाहिलेला नाही.

गाडी कुठेच थांबली नाही. अल्लीपूरच्या शेतात आज कुणी नव्हतं.

तू आतून ऐकलं असशील, तरी लिहितो. तुझ्या वडिलांनी फाटकातच गाडी बंद करायला लावली. इंजिनाला हात लावला आणि झटकन काढला. म्हणाले, "आता लावा." लागली. ते कान देऊन बराच वेळ उभे राहिले.

"काय बदललं?"

"काही नाही. कॉइल भरून घेतली."

"म्हणजे तार नवी."

"तार नवी. लोखंड तेच."

"मंग बदललीच म्हना ना."

माझा संयम तिथे संपला. मी म्हटलं, "बदलायची असती तर अर्ध्या तासात झाली असती. तुमच्या एका अटीपायी मी पायावर किक खाल्ली, ट्रॅक्टरमागे गाव फिरलो, बेकरीत गेलो. आता तार जुनी हवी असेल तर ती कुणाकडेच नाही. जळली."

मला वाटलं, आता हे फाटक लावतील. ते म्हणाले, "आवाज काऊन चढवता? मी सारी नोकरी वीज मंडळात काढली. ट्रान्सफॉर्मर जळला का आमी भरूनच लावत होतो. त्याले कोनी नवा म्हनत नव्हतं, अन् जुना बी म्हनत नव्हतं."

"मग काय म्हणत होते?"

"लाइट आली म्हनत."

"मग अट?"

"अट सकाळी पाहू. हात धुवा."

नंतर तुझ्या आईने बेसनाची पाटोडी वाढली. झणझणीत रस्सा, वर तेलाचा तवंग, भाकरी. सोडचिठ्ठीला आलेल्या जावयाला पाटोडी वाढतात का? मी नको म्हटलं तर त्यांनी आणखी एक वाढली. त्यांचा डोळा आता बरा आहे, ताटातलं सगळं त्यांना दिसतं. मी काय टाकलं तेही दिसलं.

मघाशी तू अंगणात आलीस. गाडीभोवती फिरलीस. मागचं चाक अंगठ्याने दाबून पाहिलंस. माझ्या खिडकीकडे पाहिलं नाहीस. हवा कमी आहे, मला माहीत आहे. हिंगणघाटला भरायची राहिली. त्याचाही तुला राग आला असेल.

मी गाडी द्यायला आलो, असं सगळ्यांना सांगितलं आहे. ते खोटं नाही. पण सकाळी पंच बसले, कागद समोर आला, की जे विचारायचं ते विचारता येणार नाही. तेव्हा आता विचारतो.

मी तुला न्यायला आलो आहे. हे मी उशिरा करतो आहे. तू बोलावलं नाहीस तरी करतो आहे, आणि तुला कुणी न्यायला लागत नाही हे ठाऊक असून करतो आहे. गाडी इथेच राहील, ती तुझ्या वडिलांची आहे, अट पुरी झाली असो की नसो. म्हणजे आपल्याला बसने जावं लागेल. तुला बस लागते. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

यायचं नसेल तर आईजवळ 'नाही' म्हणून निरोप दे. मी सही करून जाईन. राग धरणार नाही. धरेन, पण सही करीन.

आणि पुन्हा एक ओळ लिहून पाठवू नकोस. या महिन्यात तुझ्या दोन ओळी मी इतक्या वेळा वाचल्या की तिसरी नको वाटते. दारात येऊन बोल. पंचांचं मी बघून घेतो.

तुझ्या आई चहाचा कप न्यायला येत आहेत. हे त्यांच्या हातात देतो.

धनंजय


दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी वडनेरलाच राहिली. हिंगणघाटच्या बसला गर्दी होती. मोहिनीला खिडकीजवळची जागा मिळाली. धनंजय तिची पिशवी धरून हिंगणघाटपर्यंत उभा होता.